पाचट, बांध आणि पाच प्लॉट: एक रीत शिवारात कशी पसरते याचं प्रकरण

ऊसतोड झाली की फडात हेक्टरी ८ ते १० टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उरतं. त्यात साधारण ०.५ टक्के नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की हे दोन्ही हवेत जातं आणि मागे राख राहते. सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठची कितीतरी रानं जास्त पाण्यानं क्षारपड झाली आहेत. तिथल्या शेतकऱ्याला कर्बाचं महत्त्व मुद्दाम पटवावं लागत नाही. शेतीशाळेत विचारलं तर पाचट ठेवलेलं बरं असंच तो सांगतो. तरीही तोड झाल्यावर त्याच्याच रानात काळी राख दिसते.

यावर नेहमीचं निदान असं असतं की शेतकऱ्याला अजून पटलेलं नाही. मग आणखी एक मेळावा होतो, आणखी एक पत्रक निघतं. आमच्या मते इथे निदानच चुकतं. मत ज्या जाळ्यातून पसरतं त्या जाळ्यातून रीत पसरत नाही. मत भावकीतून, दूध संस्थेच्या कट्ट्यावरून, चहाच्या टपरीवरून फिरतं. पाचट न जाळण्याची रीत मात्र बांधावरून सरकते, एका रानातून शेजारच्या रानात. ही दोन जाळी एकमेकांवर बसत नाहीत आणि योजना फसते ती इथेच. पुढचं प्रकरण याच एका मुद्द्याची उलटतपासणी आहे.

शिवार

अभ्यासासाठी घेतलेलं शिवार कागदावरचं आहे. यातले निकाल मांडणीतून आणि नियमातून निघतात, कुठल्या गावच्या पाहणीतून नाहीत. वही-पेन्सिल घेऊन कुणालाही ते पडताळता येतील. रचना मात्र नदीकाठच्या उसाच्या शिवारासारखीच ठेवली आहे.

अ, ब, क, ड अशा एकाखाली एक चार ओळी आणि प्रत्येक ओळीत १ ते ६ असे सहा प्लॉट. एकूण २४ प्लॉट, प्रत्येक २० गुंठ्यांचा, म्हणजे सगळं मिळून १२ एकर. एका बाजूला पाणंद, दुसरीकडे ओढा, तिसरीकडे पाट आणि चौथीकडे नदीचा काठ, त्यामुळे बाहेरून आग येत नाही. आतले ८ प्लॉट चार शेजाऱ्यांना लागून आहेत, कडेचे १२ प्लॉट तिघांना आणि कोपऱ्यातले ४ प्लॉट दोघांना. सामाईक बांध ३८.

आता पाचट ठेवणाऱ्याची अडचण बघू. काम तसं ठरलेलं आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, त्यांवर ०.१ टक्का कार्बेन्डाझिम फवारायचं, पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत दाबायचं. मग टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. रासायनिक खत नंतर पहारीनं, बुडख्यापासून १० ते १५ सेंमी अंतरावर भोक पाडून द्यायचं: निम्मं पहिल्या १५ दिवसांत, उरलेलं १३५ दिवसांनी. यात न समजण्यासारखं काही नाही. अडतं ते बांधाच्या पलीकडे. तोडीपासून पहिल्या पाण्यापर्यंत, आणि पाण्याची पाळी लांबली तर त्यानंतरही, सरीतलं पाचट वाळलेलं असतं. पलीकडच्यानं त्याच दिवसांत आपलं पाचट पेटवलं आणि वारा फिरला, तर राखून ठेवलेलं सगळं तासाभरात जातं. कोवळे फुटवे होरपळतात. ठिबक अंथरलेलं असेल तर नळ्याही जातात. त्यातच पाचटाच्या सरीतून पहिलं पाणी सावकाश सरकतं, पाळी लांबते आणि खालच्या रानवाल्याशी कुरबुर होते. पण सरीत पाचट ठेवणारे शेजारी-शेजारी असले, तर पाळीचे तास तसे वाढवून घेता येतात.

म्हणजे माझा फायदा माझ्या निर्णयाइतकाच शेजाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. हे एकदा ध्यानात आलं की कुठलं मॉडेल घ्यायचं ते बरंचसं ठरतं.

आधी मत

मतासाठी सर्वांत साधा हिशेब १९७४ मध्ये मॉरिस डीग्रूट यांनी मांडला. प्रत्येक जण आपलं नवं मत हे स्वतःच्या आणि इतरांच्या मतांची भारित सरासरी म्हणून काढतो, हे त्याचं सूत्र. ० म्हणजे "जाळलंच पाहिजे" आणि १ म्हणजे "मुळीच जाळू नये" असं धरू. एका घरात थोरल्या भावाचं मत ०.२ आहे, शेतीशाळेला जाऊन आलेल्या धाकट्याचं ०.९. थोरला स्वतःच्या मताला ०.८ आणि धाकट्याच्या मताला ०.२ वजन देतो. धाकटा थोरल्याला ०.६ देतो, स्वतःला ०.४.

पहिल्या चर्चेनंतर थोरला ०.३४ वर येतो, धाकटा ०.४८ वर. दुसऱ्या चर्चेनंतर ०.३६८ आणि ०.३९६. दोघांतलं अंतर दर खेपेला पाचव्या हिश्श्यावर येतं आणि मतं ०.३७५ वर एक होतात. अंतिम मतात थोरल्याचा वाटा तीन चतुर्थांश, धाकट्याचा एक चतुर्थांश. शेतीशाळेचा ठसा घरात दोन बैठकांत पुसला जातो, कारण प्रशिक्षण ज्याला दिलं त्याचं घरात वजन कमी होतं. खोडव्याचा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पिकाचा निर्णय ज्याच्या हातात आहे त्याला बोलावलं नाही, तर तो खर्च वाया जातो.

डीग्रूटच्या हिशेबात एक खोट आहे. दुवे सलग असतील तर अखेर सगळे एकमताचे होतात, आणि एकच माणूस कधीच न बदलणारा असेल तर सगळं गाव शेवटी त्याच्याच मतावर जाऊन बसतं. गावं अशी वागत नाहीत. म्हणून फ्रीडकिन आणि जॉन्सन यांनी १९९० मध्ये प्रत्येकाच्या मूळ मताला कायमचं थोडं वजन ठेवलं. डेफुआँ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वेगळी अट घातली: दोघांच्या मतांतलं अंतर ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच ते एकमेकांचं ऐकतात.

ही दुसरी अट आपल्या शिवारात फार बोलकी ठरते. मर्यादा ०.४ धरा. थोरला ०.२ वर, कृषी सहायक ०.९ वर, अंतर ०.७, त्यामुळे दोघांत संवादच नाही. मध्ये ०.५५ वर एक शेतकरी आहे. त्याचं दोघांपासूनचं अंतर ०.३५, म्हणजे तो दोघांशी बोलू शकतो. भेटीनंतर दोघंही मधोमध येतात असं धरलं, तर हा माणूस आधी कृषी सहायकाला भेटल्यास ०.७२५ वर जातो आणि थोरल्यापासून ०.५२५ इतका लांब पडतो. आधी थोरल्याला भेटल्यास दोघंही ०.३७५ वर येतात आणि मग कृषी सहायकापासूनचं अंतर ०.५२५ होतं. दोन्हीकडून पूल तुटतोच. "प्रगतिशील शेतकरी" म्हणून ज्याला वारंवार व्यासपीठावर नेलं जातं, त्याचं शेजारी ऐकेनासे का होतात, याचं हे गणिती उत्तर आहे. तो मधला राहत नाही. मधल्या मतांची माणसं एकापेक्षा जास्त असावी लागतात, आणि त्यातली काही तरी मुद्दाम मधलीच राहू द्यावी लागतात.

एवढं सगळं जमलं, सगळ्यांची मतं ०.७ च्या वर गेली, तरी काडी लावणं थांबत नाही. कारण त्याचा निर्णय दुसऱ्याच नियमानं होतो.

रीत: उंबरठ्याचा हिशेब

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये उंबरठ्याचं मॉडेल मांडलं: इतर किती जणांनी केलं की मी करेन, तो आकडा म्हणजे माझा उंबरठा. २००७ मध्ये सेंटोला आणि मेसी यांनी त्यावर महत्त्वाची भर घातली. बातमी पसरायला एक संपर्क पुरतो, पण जोखमीची किंवा इतरांवर अवलंबून असलेली रीत पसरायला एकाहून अधिक शेजाऱ्यांचा आधार लागतो. बातमीला लांबचे, गावोगावचे दुवे उपयोगी पडतात. अशा रितीला ते फारसे कामाचे नसतात. तिला दाट, शेजारपाजारचे दुवे हवेत.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याच्या बियाण्याचा प्रसार रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये नोंदवला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सगळ्यांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणं घेतलं होतं. विस्तारकार्याचे पुष्कळ आडाखे त्या अभ्यासावर उभे आहेत. पण संकरित मका पेरणाऱ्याला शेजाऱ्यानं कोणता मका पेरला याची झळ लागत नाही. पाचटात ती लागते, अगदी शब्दशः. म्हणून मक्याचा आडाखा इथे जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे.

आपल्या शिवाराचा नियम असा: लागून असलेल्या किमान दोन प्लॉटांत पाचट ठेवलं जात असेल, तर पुढच्या हंगामात मीही ठेवीन. दोनच का? एकच बाजू सुरक्षित असेल तर आतल्या प्लॉटवाल्याला उरलेल्या तीन बाजू राखाव्या लागतात, आणि एकट्या माणसाला ते जमत नाही. दोन बाजू सुरक्षित असतील तर घरातली दोन माणसं आणि पाण्याची मोटर यांवर भागतं. हे गृहीतक आहे. ते कसं तपासायचं ते पुढे येतं.

योजनेकडे पाच प्लॉटांपुरतं साहित्य आहे. पाच प्लॉट म्हणजे १०० गुंठे, जवळपास एक हेक्टर: ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट, १० किलो जिवाणू खत. या पाच आरंभीच्या प्लॉटांना आगीच्या जोखमीपोटी हमी दिलेली आहे, त्यामुळे शेजारी काहीही करोत, ते पाचट ठेवतातच. हे पाच प्लॉट निवडायचे कुठे?

नेहमीची पद्धत म्हणजे प्रत्येक भावकीतला एक, वजनदार माणूस, सगळीकडे विखुरलेला. समजा अ१, अ४, ड१, ड४ आणि क६. नकाशावर बघा, उरलेल्या १९ पैकी एकाही प्लॉटाला यातले दोन शेजारी मिळत नाहीत. पहिल्या हंगामात पाच, दुसऱ्यात पाच, दहाव्यातही पाच. हमी काढली की शून्य.

दुसरा मोह म्हणजे "मॉडेल फार्म". एकाच जागी गठ्ठा करायचा: अ१, अ२, ब१, ब२, अ३. पुढच्या हंगामात ब३ ला अ३ आणि ब२ असे दोन शेजारी मिळतात, तो येतो. झाले सहा. त्यानंतर गठ्ठ्याला लागून असलेल्या प्रत्येक प्लॉटाला एकच बाजू मिळते आणि प्रसार थांबतो.

तिसरी मांडणी तिरकी: अ१, ब२, क३, ड४ आणि शिवाय ड६. पहिले चार एकमेकांना बांधानं लागून नाहीत, कोपऱ्यानं कोपऱ्याला टेकलेले आहेत. ड४ आणि ड६ यांच्यामध्ये एक प्लॉट मोकळा. पहिल्या हंगामानंतर अ२, ब१, ब३, क२, क४, ड३, ड५ या सातांना प्रत्येकी दोन शेजारी मिळालेले असतात, म्हणून ५ चे १२ होतात. मग अ३, ब४, क१, क५, ड२ येतात: १७. त्यानंतर अ४, ब५, क६, ड१: २१. मग अ५ आणि ब६: २३. पाचव्या फेरीत अ६ येतो आणि २४ पूर्ण होतात.

साहित्य तेवढंच, माणसं तितकीच पटलेली, नियमही तोच. निकाल ५, ६ किंवा २४. मेळावे घेऊन मतं कितीही वर नेली तरी हा फरक भरून निघणार नाही.

चार प्लॉटांत का भागत नाही

हा प्रश्न खर्चाचा आहे म्हणून नीट बघू. पाचट ठेवलेल्या प्लॉटांच्या ज्या बाजू पाचट ठेवलेल्या दुसऱ्या प्लॉटाला लागून नाहीत, त्या सगळ्या बाजू मोजा. शिवाराच्या कडेच्या बाजूही धरा. या बेरजेला हद्द म्हणू. नवा प्लॉट सामील होतो तेव्हा त्याला पाचट ठेवणारे किमान दोन शेजारी असतात. म्हणजे हद्दीतून किमान दोन बाजू नाहीशा होतात आणि जास्तीत जास्त दोन नव्या येतात. हद्द कधीच वाढत नाही. आता संपूर्ण शिवाराची हद्द म्हणजे ४, ६, ४, ६ यांची बेरीज, २०. एका सुट्या प्लॉटाची हद्द ४, म्हणून चार प्लॉटांची जास्तीत जास्त १६. सोळाची हद्द वीस होऊ शकत नाही. चार प्लॉटांत, कुठेही ठेवा, हे शिवार पूर्ण होणार नाही. पाच लागतातच.

गठ्ठ्याच्या मांडणीचं अपयशही यात दिसतं. पाच प्लॉट चिकटून बसवल्यावर हद्द २० ऐवजी १० उरली, आणि दहाच्या हद्दीत दोन गुणिले तीन एवढंच क्षेत्र मावतं. विखुरलेल्या मांडणीत हद्द पुरेपूर २० होती, पण प्लॉट एकमेकांच्या आवाक्यात नव्हते. दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर कोपऱ्याला कोपरा, किंवा मध्ये एक प्लॉट सोडून. लांबी-रुंदी बदलली तरी कमीत कमी आकडा काढता येतो: ओळी आणि ओळीतले प्लॉट यांची बेरीज करून निम्मी करायची, अपूर्णांक आला तर वरचा आकडा घ्यायचा.

एक अडून बसलेला

प्रत्येक शिवारात कुणीतरी असतोच, जो काही केल्या ऐकत नाही. बऱ्याचदा त्याला कारणही असतं. रान खंडानं दिलेलं असतं, मालक पुण्याला, आणि खंडकऱ्याला पुढच्या वर्षीच्या कर्बाशी देणंघेणं नसतं. समजा असा प्लॉट ब३ आहे. तिरकी मांडणी तीच ठेवून हिशेब पुन्हा केला तर क आणि ड या ओळी पूर्ण भरतात, अ१, अ२, ब१, ब२ येतात आणि गाडी १६ वर थांबते. ब३ सोडून आणखी सात जण बाहेर राहतात: अ३ ते अ६ आणि ब४ ते ब६. त्यांची तयारी आहे, उंबरठा इतरांइतकाच आहे, पण प्रत्येकाला पाचट ठेवणारा फार तर एकच शेजारी मिळतो. पाहणी करणारा नोंद करेल की आठ शेतकरी विरोधात आहेत. विरोधात एकच आहे.

इथे सहाव्या प्लॉटाची हमी मंजूर झाली तर कुठे द्यावी? मन सहज ब४ कडे जातं: अडून बसलेल्याच्या शेजारी, प्रसार थांबला त्या जागी. ब४ दिला तर ब५ आणि ब६ येतात, एकूण १९, आणि अ ओळीतले चौघे तसेच राहतात. तोच सहावा प्लॉट अ४ ला दिला तर अ३ ला अ२ आणि अ४ मिळतात, ब४ ला अ४ आणि क४, मग ब५, अ५, ब६, अ६ असं करत २३ होतात. ब४ ला आधीच क४ चा आधार होता, त्यामुळे तिथे हमीचा अर्धा जोर वाया गेला. नवी हमी द्यावी ती अजून कुणाचाच आधार न मिळालेल्या प्लॉटाला, पण प्रसाराच्या आवाक्यातल्या.

दुसरा, स्वस्त मार्ग उंबरठाच उतरवण्याचा. बांधालगतच्या दोन सऱ्यांतलं पाचट आत ओढून त्या सऱ्या मोकळ्या आणि ओल्या ठेवल्या की शेजारची आग सहज आत येत नाही, आणि त्या शेतकऱ्याला एक शेजारीही पुरतो. वरच्या अडकलेल्या स्थितीत अ३ आणि ब४ या दोघांनी एवढं केलं तरी अ४ ला दोन बाजू मिळतात आणि पुढे २३ पर्यंत वाट मोकळी होते. हमी न देता, फक्त मजुरीत. सरसकट चोवीस प्लॉटांत मोकळ्या सऱ्या करायला सांगण्यापेक्षा नेमक्या दोन प्लॉटांत करणं कधीही सोपं.

हमी किती हंगाम

आतापर्यंत एकदा आलेला शेतकरी परत जात नाही असं धरलं. प्रत्यक्षात तो जातो. आधार दोनच्या खाली गेला की पुन्हा काडी, असा नियम लावला तर आरंभीच्या पाचांची गरज वेगवेगळी दिसते. अ१, ब२, क३, ड४ यांना सुरुवातीचा आणि पुढचा असे दोन हंगाम सांभाळलं की पुरतं; तोवर त्यांच्याभोवती दोन-दोन, काहींच्या चारी बाजूंना शेजारी झालेले असतात. ड६ मात्र कोपऱ्यात आहे, त्याला दोनच शेजारी. ड५ लवकर येतो, पण क६ तिसऱ्या फेरीत. म्हणून ड६ ला चार हंगाम हमी लागते. सगळ्यांना सारखी दोन वर्षांची मदत देऊन योजना बंद केली, तर ड६ सुटतो, त्याच्यामुळे क६, ब६ आणि अ६ येतच नाहीत आणि गाडी २० वर थांबते. समान वाटप न्यायाचं वाटतं, पण इथे ते नुकसान करतं.

हंगाम या शब्दाबाबत एक अडचण सांगायला हवी. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, तोड १६ ते १८ महिन्यांनी. सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत, तोड साधारण वर्षानं. खोडव्याचं वेळापत्रक आणखी वेगळं. कारखान्याची तोड नोंदणीच्या क्रमानं येते, टोळ्या आल्या-न आल्या तसा क्रम हलतो. त्यामुळे लागून असलेल्या दोन प्लॉटांच्या तोडीत तीन महिन्यांचं अंतर असू शकतं. माझं पाचट कुजायला लागल्यावर शेजाऱ्याची तोड झाली, तर त्याच्या आगीची भीती त्या वर्षी कमी. म्हणजे बांध कायम असला तरी त्यावरचा दुवा दर वर्षी चालू असतोच असं नाही. नकाशात प्रत्येक बांधाला दोन्हीकडच्या तोडीची तारीख जोडली नाही, तर मॉडेल भलत्याच जागी भीती दाखवतं आणि खऱ्या जागी दाखवत नाही. चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्यासाठी गावातल्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्याच्या वहीत या तारखा असतात. या अभ्यासासाठी त्या वहीचं मोल मोठं आहे.

मोजमाप आणि त्यातले चकवे

बांधाचं जाळं गट नकाशावरून काढता येतं, पण गट नंबर म्हणजे प्लॉट नव्हे. एका गटात तीन भावांचे तुकडे असतात, सातबाऱ्यावर वडिलांचं नाव असतं आणि रान वाटेकरी कसतो. म्हणून नकाशा हातात घेऊन बांधावरून चालणं आणि प्रत्येक तुकड्यात काडी लावायची की नाही हे कोण ठरवतं ते विचारणं, याला पर्याय नाही. मताच्या जाळ्यासाठी "सल्ला कुणाचा घेता?" असा प्रश्न नको, त्याला लोक मानाची नावं सांगतात. "गेल्या तोडीनंतर खोडव्याबद्दल कुणाकुणाशी बोलणं झालं?" असं विचारावं आणि नावांवर मर्यादा घालू नये. पाचच नावं मागितली की ज्याचे दुवे पंधरा आहेत तोही पाचाचाच दिसतो. घरातल्या बायकांना वेगळं विचारावं. सरीत पाचट दाबायचं काम बऱ्याचदा त्यांच्या अंगावर असतं आणि ते नको असण्याचं कारण त्यांच्याकडूनच कळतं.

जाळलं की नाही हे विचारून नोंदवू नये, बघून नोंदवावं. उपग्रहाचा आधार मिळतो, पण बेताचा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या दृश्य पट्ट्यांत एक ठिपका (पिक्सेल) १० मीटरचा, म्हणजे २० गुंठ्यांच्या प्लॉटात सुमारे २० ठिपके. जळीत ओळखायला लागणारा लघु-अवरक्त पट्टा २० मीटरचा आहे, त्यात पाचच ठिपके पडतात आणि त्यातले काही बांधावर अर्धे-अर्धे. लांबट, अरुंद प्लॉट असेल तर निकाल भरवशाचा राहत नाही. आगीची उष्णता टिपणाऱ्या उपग्रहांचा ठिपका ३७५ मीटरचा. त्यात आपलं सगळं शिवारच मावतं.

उंबरठा काढताना एक गफलत हमखास होते. शेजारी शून्यावरून थेट दोनवर गेले आणि त्यानंतर शेतकरी आला, म्हणजे त्याचा उंबरठा दोन, असं लिहिलं जातं. तो एकही असू शकतो. एकाची वेळ मधे आलीच नाही. दिसलेला आकडा ही वरची मर्यादा आहे. म्हणून "किती बांध सुरक्षित असले तर ठेवाल?" हे आधी विचारून ठेवायचं आणि नंतरच्या वागण्याशी ताडून बघायचं.

सगळ्यांत अवघड चकवा एकदम सगळ्यांना बसलेल्या धक्क्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा. नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहतो तेव्हा त्यानंतरच्या हंगामात जळीत कमी दिसणारच, कारण जाळायला धड पाचटच उरत नाही. लागून असलेली रानं एकाच वेळी "न जाळणारी" दिसतात आणि ते हुबेहूब शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरल्यासारखं वाटतं. चार्ल्स मान्स्की यांनी १९९३ मध्ये या गुंत्याची नीट मांडणी केली: गटाच्या वागण्याचा परिणाम, गटातल्या माणसांच्या गुणधर्मांचा परिणाम, आणि सारखी परिस्थिती किंवा सारखीच माणसं एकत्र असणं, ही तीन कारणं नुसत्या निकालावरून वेगळी करता येत नाहीत. पूररेषेच्या आतली रानं त्या वर्षांपुरती हिशेबाबाहेर ठेवावीत.

मॉडेल चालवताना सगळ्यांचा उंबरठा दोन न ठेवता नोंदींवरून एक ते तीन असा वाटावा. त्यात कधीतरी कारण नसताना काडी लावण्याची थोडी शक्यता घालून हजार वेळा चालवावं. निकालाची सरासरी काढून थांबू नये. अशा मॉडेलांत बऱ्याच वेळा शिवार जवळजवळ पूर्ण भरतं किंवा सुरुवातीलाच अडतं, मधलं कमी. बारा-तेरा प्लॉट अशी सरासरी आली, तर ती बहुधा प्रत्यक्षात कधीच न दिसणारी स्थिती असते.

हे चुकीचं ठरवायचं कसं

मलावीत २०० गावांमध्ये खड्डा पद्धतीच्या लागवडीवर असाच प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ओळखीच्यांनी केल्यावर तिसरा करतो, हे धरून निवडलेल्या जोड्यांनी नेहमीच्या निवडीपेक्षा जास्त प्रसार केला. पण तिथलं जाळं ओळखींचं होतं. इथे आपण बांधाचं जाळं धरतो आहोत, म्हणून वेगळी कसोटी लागते.

शिवारातल्या जोड्या दोन प्रकारच्या घ्याव्यात: एक, भावकी एकच पण रानं लांब, दोन, बांध सामाईक पण भावकी वेगळी, शक्यतो बोलणंही बेताचं. पहिल्या प्रकारात एकानं पाचट ठेवायला सुरुवात केल्यावर दुसरा दोन हंगामांत आला का, आणि दुसऱ्या प्रकारात आला का, हे प्रत्येक जोडीसाठी नोंदवावं. बांधवाल्या जोड्यांत तोडीच्या तारखा जवळ असलेल्या आणि लांब असलेल्या वेगळ्या ठेवाव्यात. रीत बांधावरून सरकत असेल तर तारखा जवळ असलेल्या बांधजोड्या सगळ्यांत पुढे दिसल्या पाहिजेत, अबोला असला तरी. भावकीच्या जोड्या पुढे निघाल्या, तर तिरकी मांडणी सोडून द्यावी आणि हमी थोरल्या भावांना द्यावी. दोन्ही सारख्याच निघाल्या, तर आरंभीचे प्लॉट असे निवडावेत की तिरक्या मांडणीतले पाच जण किमान दोन भावक्यांतले असतील. तिरक्या रेषेला पर्याय बरेच असतात, आरशातली उलटी रेषा धरून, त्यामुळे अशी निवड बहुतेक शिवारांत सापडते.